गंधकाचं प्लास्टिक आणि मिठाचा हिशेब

एक किलो पीपीएस बनवायला घेतलं, की त्याच्यासोबत एक किलो ऐंशी ग्रॅम मीठ तयार होतं. जेवणातलंच मीठ, सोडियम क्लोराइड. माल कमी आणि मीठ जास्त, असा हा कारखाना. पीपीएस म्हणजे पॉलिफिनिलीन सल्फाइड. हे गंधकयुक्त प्लास्टिक २८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, २०० अंशांच्या खाली कुठल्याही माहीत असलेल्या द्रावकात विरघळत नाही आणि ज्योत दूर केली की आपोआप विझतं. हिशेब अगदी सोपा आहे. १३६० ग्रॅम पॅराडायक्लोरोबेंझिन आणि ७२० ग्रॅम सोडियम सल्फाइड, दोन्ही मिळून २०८० ग्रॅम. त्यातून १००० ग्रॅम प्लास्टिक निघतं, उरलेलं सगळं मीठ. शाळेच्या वहीत हे समीकरण एका ओळीत मावतं. पण हा पदार्थ पहिल्यांदा दिसला १८८८ मध्ये आणि त्याचा पहिला कारखाना चालू झाला १९७३ मध्ये. मधली पंच्याऐंशी वर्षं नेमकी कशात गेली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

सुरतेच्या सभागृहात ही गोष्ट सांगताना टेक्सास किंवा जपानपासून सुरुवात करायचं कारण नाही. पॅराडायक्लोरोबेंझिन सगळ्यांच्या नाकाच्या ओळखीचं आहे. सार्वजनिक मुताऱ्यांत टाकलेल्या पांढऱ्या डांबरगोळ्या बऱ्याचदा त्याच्याच असतात. इथून दक्षिणेला वापीत आरती इंडस्ट्रीज क्लोरोबेंझिनच्या कुळातली रसायनं मोठ्या प्रमाणावर बनवते आणि हे रसायन त्या कुळातलंच. सोडियम सल्फाइड सुती कापड सल्फर ब्लॅकमध्ये रंगवणाऱ्यांना आणि कातडी कमावणाऱ्यांना माहीत आहे: पिवळे किंवा तांबूस पापुद्रे आणि सडक्या अंड्याचा वास. राहिलं गंधक. तेही शहराच्या दारात, हजीऱ्याला येतं. मुंबईपासून दूर समुद्रातल्या वसई क्षेत्राच्या नैसर्गिक वायूत हायड्रोजन सल्फाइड असतं. ओएनजीसीच्या हजीरा प्रकल्पात ते वेगळं काढून त्याचं गंधक करतात आणि मगच वायू पुढच्या नळांत जातो.

म्हणजे कच्चा माल दोन-तीन तासांच्या प्रवासात गोळा व्हावा. शिवाय उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली इथून आलेल्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात रसायनांच्या कारखान्यात, डाइंग मिलमध्ये किंवा बॉयलरवर काम केलेला माणूस असतोच. खानदेशातून तापीच्या काठाकाठानं येणाऱ्या रेल्वेनं आलेल्या पिढ्यांनीच तर इथले यंत्रमाग आणि मिली चालवल्या. रिॲक्टर, सेंट्रिफ्यूज, थर्मोपॅक हे शब्द या सभागृहात समजावून सांगावे लागत नाहीत. तरीही वापीपासून अंकलेश्वरपर्यंतच्या पट्ट्यात रासायनिक क्रिया घडवून आणणारे पुष्कळ आणि क्रियेनंतर नीट धुणारे, गाळणारे, वाळवणारे मोजके. उष्णता सोसणाऱ्या गंधकी प्लास्टिकचा धंदा मात्र याच मोजक्यांचा आहे.

गंधक आणि लांब साखळीचे रेणू यांची ओळख जुनी आहे. १८३९ मध्ये गुडइयरनं रबर गंधकाबरोबर तापवलं आणि चिकट रबर कामाचं झालं. १९२० च्या दशकात अमेरिकेत जे. सी. पॅट्रिक मोटारीच्या रेडिएटरसाठी न गोठणारं द्रव शोधत होते. त्यांनी इथिलीन डायक्लोराइड आणि सोडियम पॉलिसल्फाइड एकत्र केलं आणि भांड्यात रबरासारखा, तेलाला दाद न देणारा, भयंकर वासाचा गोळा तयार झाला. त्याचं नाव थायोकॉल. पुढे विमानांच्या इंधनटाक्यांचे सांधे अशाच पॉलिसल्फाइडनं बुजवले जाऊ लागले. क्लोरीनच्या दोन हातांचा रेणू घ्यायचा, सोडियमचं सल्फाइड घ्यायचं, मीठ बाहेर टाकायचं आणि गंधकाच्या दुव्यानं साखळी जोडायची, ही युक्ती तेव्हाच हाती आली होती. पण थायोकॉलच्या साखळीत कार्बनचे लवचिक तुकडे असल्यामुळे ते उष्णतेला टिकत नाही. त्या तुकड्यांच्या जागी बेंझिनची कडी बसवली, तर मात्र चित्र पालटतं.

बेंझिनच्या कडीची अडचण अशी, की तिच्यावरचा क्लोरीन सहजासहजी जागा सोडत नाही. फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांना १८८८ मध्ये हा पदार्थ दिसला तो दुसऱ्याच क्रियेच्या गाळात. १९४८ मध्ये मॅकॅलम यांनी डायक्लोरोबेंझिन, गंधक आणि सोडियम कार्बोनेट बंद भांड्यात ३०० अंशांच्या आसपास वितळवून पाहिलं. माल मिळाला, पण क्रिया एकदा पेटली की आवरेना. एका बॅचचा माल दुसऱ्या बॅचशी जुळेना. कड्यांच्या मध्ये कुठे गंधकाचा एक अणू, तर कुठे दोन. कारखानदाराला बेभरवशाची बॅच चालत नाही. कमी उतारा एक वेळ चालतो.

वाट सापडली ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिल गावी, फिलिप्स पेट्रोलियमच्या प्रयोगशाळेत. एडमंड्स आणि हिल या दोघांनी सुटं गंधक बाजूला ठेवलं, सोडियम सल्फाइड घेतलं आणि क्रिया एन-मिथाइल पायरोलिडोन नावाच्या द्रावकात केली. हा द्रावक २०२ अंशांना उकळतो. तो सोडियमच्या आयनाभोवती गोळा होतो, गंधकाचा आयन मोकळा होतो आणि क्लोरीनला ढकलू लागतो. पेटंट १९६७ मध्ये मिळालं. १९७३ मध्ये टेक्सासमधल्या बोर्गर इथे कारखाना चालू झाला आणि बाजारात ‘रायटन’ हे नाव आलं.

आता ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्याच्या, तोंडाशी उभं राहून पाहू. बाजारात मिळणारे सोडियम सल्फाइडचे पापुद्रे साधारण ६० टक्के असतात. बाकीचं बहुतेक स्फटिकात बांधलेलं पाणी. एक किलो प्लास्टिकसाठी ७२० ग्रॅम शुद्ध सल्फाइड हवं असेल, तर असे १२०० ग्रॅम पापुद्रे ओतावे लागतात आणि त्यांच्यासोबत जवळजवळ अर्धा लिटर पाणी आत जातं. इथंच घोडं पेंड खातं. पाणी असेल तर सल्फाइड त्याच्याशी खेळत बसतं, हायड्रोसल्फाइड आणि कॉस्टिक बनवतं, द्रावकालाही तोडतं. म्हणून आधी द्रावक आणि सल्फाइड नायट्रोजनखाली २०० अंशांपर्यंत नेऊन पाणी उडवायचं. त्या वाफेबरोबर थोडं हायड्रोजन सल्फाइडही निघून जातं. जितकं गेलं तितकं गंधक हिशेबातून कमी झालं. ते मोजल्याशिवाय डायक्लोरोबेंझिन किती टाकायचं हे ठरतच नाही. मग डायक्लोरोबेंझिन घालायचं, झाकण बंद करायचं आणि दाबाखाली २५० अंशांच्या आसपास काही तास शिजवायचं. सुरतेतल्या मिलीत स्टेंटरला उष्णता पुरवणाऱ्या थर्मोपॅकचं तेलही याच घरात फिरतं. त्यामुळे तापमानाचा बाऊ नाही, बाऊ आहे तो मापाचा.

माप इतकं नाजूक का, ते दोन आकड्यांत कळतं. अशा साखळ्या टप्प्याटप्प्यानं वाढतात. जोडणीच्या जागांपैकी ९५ टक्के जोडल्या गेल्या, तर साखळीची सरासरी लांबी फक्त २० दुव्यांची भरते. ९९ टक्के जोडल्या, तर १००. औषधाच्या कारखान्यात ९५ टक्के उतारा मिळाला तर पेढे वाटतील. इथे तेवढ्यावर हाती भुकटी येते, दाबली तर मोडणारी. दोन रसायनांपैकी एक जरी एखाद्या टक्क्यानं जास्त पडलं, तरी साखळीची टोकं बंद होतात आणि पुढे कितीही तास शिजवा, लांबी वाढत नाही. फिलिप्सचा सुरुवातीचा मालही आखूड साखळीचा होता. तो वितळणबिंदूच्या खाली हवेत तापवून घट्ट करावा लागे आणि त्यात तपकिरी होई.

त्यावर जपानच्या कुरेहा कंपनीनं काढलेला उपाय ऐकून पहिल्यांदा हसू येतं. आधी जिवाचा आटापिटा करून पाणी काढलं. क्रिया अर्ध्यावर आली की कुरेहाचे लोक मोजून पाणी परत घालतात आणि तापमान वाढवतात. त्यामुळे भांड्यात दोन थर होतात. प्लास्टिकचा दाट थर एकीकडे, मीठ आणि किरकोळ कचरा दुसऱ्या थरात. दाट थरात साखळ्या एकमेकींना सहज भेटतात आणि लांब होतात. फिलिप्सचं मूळ पेटंट १९८४ मध्ये संपलं, आणि जपानी कंपन्या या क्षेत्रात घट्ट रोवल्या गेल्या त्या अशाच बारीक सुधारणांच्या जोरावर.

शिजवणं संपलं की खरं काम सुरू होतं. भांड्यात प्लास्टिकचे कण, मीठ, द्रावक आणि अर्धवट वाढलेल्या साखळ्यांचा चिखल असतो. द्रावक महाग आहे आणि आरोग्याला घातकही, म्हणून त्याचा थेंब न् थेंब ऊर्ध्वपातन करून परत मिळवावा लागतो. मीठ गरम पाण्यानं पुनःपुन्हा धुवावं लागतं, कारण कणांच्या आत अडकलेलं मीठ पहिल्या पाण्यात निघत नाही. आणि मीठ राहिलं, तर ज्या कामासाठी हे प्लास्टिक विकत घेतात, म्हणजे विजेच्या जोडण्यांचे बारीक भाग, तिथेच ते विजेची गळती करतं. मीठ पूर्ण निघालं तरी साखळीच्या टोकांना चिकटलेला क्लोरीन उरतोच. इलेक्ट्रॉनिक्सचे ग्राहक तो दशलक्षात ९०० भागांच्या खाली मागतात. धुऊन निघालेल्या खारट पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक कारखान्याच्या मानगुटीवर बसलेला असतो. गुजरातच्या किनारी पट्ट्यात खारट सांडपाण्याचा प्रश्न काय असतो, हे वेगळं सांगायला नको.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, ती उष्णतासहनता येते कुठून? बेंझिनची कडी वाकत नाही, सहज तुटत नाही. तिला गंधकाशी जोडणारा बंधही दणकट असतो आणि सरळ साखळ्या एकमेकींना लागून दाट बसतात. पण पीपीएसमधल्या गंधकाला अजून ऑक्सिजनची भूक शिल्लक असते. उष्ण, ऑक्सिजननं भरलेल्या हवेत किंवा नायट्रोजन डायऑक्साइडच्या संगतीत ते हळूहळू ऑक्सिजन ओढून घेतं आणि धागा ठिसूळ होतो. ही खोड पुस्तकात वाचायला किरकोळ वाटते. सुरतेत ती लाखो रुपयांची होते.

सुरतेच्या मिलींची वाफ कोळशावर आणि लिग्नाइटवर निघते. लिग्नाइटची एक खाण तर जिल्ह्यातच, तडकेश्वरला आहे. धुरातली राख अडवायला सायक्लोनच्या पुढे बॅग फिल्टर लावतात, म्हणजे कापडाच्या लांब पिशव्यांची रांग. पॉलिएस्टरच्या या शहरात पॉलिएस्टरची पिशवी स्वस्त आणि हाताशी. पण कोळशाच्या धुरात ओलावा असतो आणि गरम ओलाव्यात पॉलिएस्टरचा एस्टर बंध पाण्यानं तुटतो. १५० अंशांच्या आसपास पिशवी कुजल्यासारखी फाटते. धूर थंड करून हा प्रश्न सुटत नाही. कोळशातल्या गंधकाचं आम्ल तापमान उतरताच द्रवरूपात गळू लागतं आणि पिशवीबरोबर पत्राही खातं. म्हणून धूर गरमच ठेवायचा, आणि ओलावा, आम्ल, उष्णता तिन्ही सोसणारा धागा लावायचा. पीपीएसचा धागा हे १९० अंशांपर्यंत सोसतो. जगभर कोळशाच्या बॉयलरवर तो त्यासाठीच वापरतात. फक्त धुरातला ऑक्सिजन १० टक्क्यांच्या पुढे गेला, की जाणकार सावध होतात. फावड्यानं कोळसा टाकायला भट्टीचं दार उघडं राहिलं की हवा आत घुसते, आकडा चढतो, आणि महागाची पिशवी वेळेआधीच चुरचुरायला लागते. त्या पिशवीचं आयुष्य रसायनशास्त्रज्ञाइतकंच भट्टीवाल्याच्या हातात असतं.

या पिशव्यांचं अर्थकारण सुरतेत २०१९ मध्ये बदललं. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळानं इथे धुरातल्या कणांची बाजारपेठ उभी केली. चिमणीत सतत मोजणारं यंत्र, प्रत्येक कारखान्याला कणांचे परवाने, कमी सोडणाऱ्यानं उरलेले परवाने विकायचे, जास्त सोडणाऱ्यानं विकत घ्यायचे. कणरूप प्रदूषणासाठी जगातली ही पहिली अशी बाजारपेठ. शिकागो आणि येल विद्यापीठांतल्या अर्थशास्त्रज्ञांसह झालेल्या अभ्यासात सुमारे ३०० कारखान्यांपैकी काही नव्या पद्धतीत आणि काही जुन्या नियमांत ठेवले होते. नव्या पद्धतीत कण २० ते ३० टक्के कमी झाले. पूर्वी बॅग फिल्टर असणं कागदावर दाखवलं की काम भागे. आता ते रोज चालणं पैशात मोजलं जाऊ लागलं. कुठल्याही नव्या प्लास्टिकच्या खपाला अशा नियमाइतका मोठा आधार दुसरा नाही.

गंधकाची दुसरी बाजूही याच शहरानं पाहिली आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका टँकरनं नाल्यात बेकायदा रसायन सोडलं. त्यातून निघालेल्या वायूनं शेजारच्या मिलीतले सहा कामगार गेले आणि वीसहून जास्त रुग्णालयात पोचले. तपासात सोडियम हायड्रोसल्फाइडचं नाव पुढे आलं. पीपीएसच्या कारखान्यात सोडियम सल्फाइडच्या जोडीनं किंवा त्याच्या जागी हेच रसायन वापरलं जातं. ते आम्लाला भेटलं, की हायड्रोजन सल्फाइड सुटतं. तो वायू जास्त असेल तर वास येण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला धोका कळत नाही. टँकर मुळात निघाला होता शेकडो किलोमीटर दूरच्या कारखान्यातून. अशा रसायनाचा प्रत्येक ड्रम कुठून कुठे गेला याचा कागद नसेल, तर गंधकाचं प्लास्टिक या पट्ट्यात आणण्याच्या गप्पा पोकळ आहेत.

पीपीएसचं गंधक ऑक्सिजनला भुकेलं, असं वर म्हटलं. ज्यात ती भूक आधीच भागवलेली असते, अशी दुसरी मोठी शाखा म्हणजे पॉलिसल्फोन. यात गंधकाला ऑक्सिजनचे दोन अणू पक्के जोडलेले असतात. जे आधीच जळून बसलं, त्याला आणखी काय जाळणार? दोन बेंझिन कड्यांच्या मध्ये असा सल्फोन गट, हा सांगाडा महाराष्ट्राला एका अगदी वेगळ्या वाटेनं ओळखीचा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना अमाइन गट लावले की होतं डॅप्सोन, कुष्ठरोगावरची गोळी. १९०८ मध्ये जर्मनीत हा रेणू तयार झाला तेव्हा त्याच्या औषधी गुणाची कुणाला कल्पना नव्हती. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, त्या सुमारास डॅप्सोनचे उपचार भारतात नुकते सुरू झाले होते. आज हे औषध बनवणाऱ्यांत सुरतेच्या दक्षिणेला वलसाडजवळची अतुल कंपनी आहे. कस्तुरभाई लालभाईंनी १९४७ मध्ये स्थापलेल्या या कारखान्याचं उद्‌घाटन १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी केलं होतं. विमानाच्या कार्बन धाग्यांच्या भागांतला इपॉक्सी घट्ट करायला वापरतात तेही हेच डॅप्सोन. गोळीतला आणि विमानाच्या पंखातला रेणू एकच असतो.

त्याच सांगाड्याच्या टोकांना अमाइनऐवजी क्लोरीन लावला की डायक्लोरोडायफिनाइल सल्फोन होतं, आणि इथून प्लास्टिक सुरू होतं. मधला सल्फोन गट क्लोरीनची पकड ढिली करतो, त्यामुळे बिसफिनॉलचं सोडियम लवण त्याला सहज हुसकावून लावतं. इथेही पाणी काढणं, इथेही मीठ, फक्त प्रमाण कमी: किलोमागे पाव किलोच्या थोडं वर. पण हे मीठ मधासारख्या दाट द्रावणातून गाळावं लागतं, आणि पॉलिसल्फोन पारदर्शक असल्यानं राहिलेला प्रत्येक कण डोळ्याला दिसतो. युनियन कार्बाइडनं, होय, तिनंच, हे प्लास्टिक १९६५ मध्ये बाजारात आणलं. अपोलोच्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणावर उन्हासाठी असलेली सोन्याच्या मुलाम्याची काच खरं तर पॉलिसल्फोनची होती. १९७२ मध्ये ब्रिटनच्या आयसीआयनं पॉलिइथरसल्फोन आणलं, ते २२० अंशांपर्यंत ताठ राहतं.

चंद्राची गोष्ट सांगायला छान आहे. खरा खप मात्र पाण्यात. आरओच्या पडद्यात मीठ अडवणारा पॉलिअमाइडचा थर मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश भागाइतका पातळ असतो. तो फाटू नये म्हणून खाली सच्छिद्र पॉलिसल्फोनचा जाड थर देतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानं घरगुती पाणी गाळायला काढलेली अल्ट्राफिल्ट्रेशनची मेणबत्तीही पॉलिसल्फोनचीच. सुरत महापालिकेनं २०१४ मध्ये बमरोलीला सांडपाणी तिसऱ्यांदा शुद्ध करून रोज चार कोटी लिटर पाणी पांडेसरा जीआयडीसीच्या मिलींना द्यायला सुरुवात केली. त्या प्रकल्पाच्या आरओ नळ्यांत, म्हणजे सुरतेच्या साड्यांच्या रंगपाण्यात, गंधकाच्या प्लास्टिकचा हात असा लागला. डायलिसिसच्या नळकांड्यात साधारण दहा हजार पोकळ धागे असतात, प्रत्येकाची आतली रुंदी मिलिमीटरचा पाचवा भाग. तेही बहुधा पॉलिसल्फोनचे किंवा पॉलिइथरसल्फोनचे. निर्जंतुक करताना उकळत्या वाफेत ते आकार सोडत नाहीत.

हे सगळं परदेशातून आणायचं, असं गृहीत धरण्याच्या काळात एका माणसानं ते सुरतेहून पन्नासेक किलोमीटरवर करून दाखवलं. केकी होर्मुसजी घरडा. जन्म १९२९, मुंबई. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाच्या विद्यापीठ विभागात, शिकले. पुढे मिशिगन आणि ओक्लाहोमा विद्यापीठांत. वापीच्या आरतीचे संस्थापक चंद्रकांत गोगरीही माटुंग्याचेच. या किनाऱ्यावरचं निम्मं रसायनशास्त्र माटुंग्याच्या एका इमारतीतून निघालं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९६०च्या दशकात घरडांनी कंपनी काढली. डोंबिवली, मग रत्नागिरी जिल्ह्यातलं लोटे, मग अंकलेश्वरच्या दक्षिणेचं पानोली. आयसोप्रोट्युरॉन, क्लोरपायरिफॉस अशी कीटक-तणनाशकं हा धंद्याचा कणा. पेटंट संपलेला रेणू घ्यायचा आणि तो बनवायची स्वतःची, स्वस्त वाट शोधायची, ही त्यांची पद्धत. दुसऱ्याची कृती विकत घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

कीटकनाशकवाला हा प्लास्टिकच्या वाटेला का गेला, याचं उत्तर वर आलेल्या हिशेबात आहे. क्लोरीनच्या जागा बदलणं, द्रावक परत मिळवणं, पाणी काढणं, मीठ गाळणं हे त्याचं रोजचं काम. नवं होतं ते मापातली काटेकोरता आणि मालाचा स्वच्छपणा. गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या सुरुवातीला पानोलीत ‘गॅफोन’ नावानं सल्फोन प्लास्टिकं आणि ‘गॅटोन’ नावानं पीक, म्हणजे पॉलिइथर इथर कीटोन, तयार होऊ लागली. पीकचा धंदा तोवर जवळजवळ एकाच ब्रिटिश कंपनीच्या हातात होता. माटुंगा-डोंबिवलीच्या मुशीतला माणूस तिथे शिरतो, हे त्या बाजाराला अपेक्षित नव्हतं.

२००५-०६ च्या सुमारास बेल्जियमच्या सॉल्व्हे कंपनीनं घरडांचा हा प्लास्टिकचा धंदा विकत घेतला. युनियन कार्बाइडची पॉलिसल्फोनची शाखा मधल्या मालकांमार्फत २००१ मध्येच सॉल्व्हेकडे आली होती. २०१४ अखेर फिलिप्सच्या वारसांकडून रायटनही त्यांनीच घेतलं. गंधकाच्या प्लास्टिकचे तीन प्रवाह एका घरात आले, त्यात पानोली एक. पुष्कळ जण या विक्रीला माघार म्हणतात. ते अर्धंच खरं. विमानाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या सामानात प्लास्टिक बदलायचं, तर चाचण्या आणि मंजुऱ्यांत वर्षं जातात. गिऱ्हाईक माल चांगला आहे का याइतकंच हेही विचारतं, की पुढची पंधरा वर्षं तोच माल, त्याच गुणांचा, मिळेल का? पानोलीच्या कामगारांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. दुसऱ्याला विक्रीचं जगभरचं जाळं लागतं, आणि ते रिॲक्टरमध्ये तयार होत नाही. सॉल्व्हेनं पैसा लावून कारखाना मोठा केला आणि वडोदऱ्याजवळ सावलीला संशोधन केंद्रही काढलं.

घरडांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ३० सप्टेंबर २०२४ ला, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. त्याच्या नऊ-दहा महिने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, सॉल्व्हेचे दोन भाग झाले आणि पानोलीचा कारखाना ‘सिएन्स्को’ या नव्या कंपनीकडे गेला. धंदा विकल्यावर घरडा केमिकल्सनं प्लास्टिकचा नाद सोडला नाही. पीकच्याच कुळातलं पॉलिइथर कीटोन त्यांनी पुढे बाजारात आणलं. त्याच्या साखळीत गंधकाचा एकही अणू नाही. पण या कुळातली प्लास्टिकं बनवायची रूढ पद्धत आयसीआयची, आणि तिच्यात ती ३०० अंशांच्या वर ज्या द्रावकात शिजवतात, तो आहे डायफिनाइल सल्फोन.